वल्हीं आणि यंत्र

ब्रिटनच्या किनाऱ्यावरील जीवरक्षक नौकासंस्था 1824 सालची. तिचे नावाडी स्वयंसेवक. तिचीं कित्येक ठाणीं पुढें बंद झालीं, तीं केवळ उत्साह मावळल्यामुळें, असें आम्हांस वाटत नाहीं. ऑक्टोबर 1914 मध्यें ‘रोहिला’ हें इस्पितळाचें जहाज (नांव मात्र आपल्याकडचें!) व्हिटबीजवळ खडकावर आदळलें. किनारा डोळ्यांसमोर, तरी वल्ह्यांची नौका दोन खेपांत 35 जीव काढून निकामी झाली. अखेर टाइनमथची मोटरनौका 44 मैल तुफानांतून आली व तिनें उरलेले 50 सोडविले. पुढें शेजारच्या ठाण्यांचें काम एकच यंत्र करूं लागलें. मासेमारी खालावलेल्या गांवांत नावाडीहि मिळेनात. हिशेब चोख होता. पण ज्यांच्या आजोबांनीं तीं वल्हीं मारलीं, त्यांना तो कसा पटावा? खुद्द व्हिटबीस मोटरनौकेशेजारीं वल्ह्यांची नौका 1957 पर्यंत उभी होती.