झेलणारा होल्डन

* जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीतला हा सर्वांत गाजलेला प्रसंग. तुला नक्की आवडतं तरी काय, असं कादंबरीचा नायक होल्डनला त्याची धाकटी बहीण फीबी खोदून खोदून विचारते. शेतात खेळणाऱ्या पोरांना कड्यावरून पडण्याआधी झेलायचं, एवढंच करावंसं वाटतं, असं होल्डन सांगतो.

हे उत्तर पोरकट वाटलं, तर पाचवं प्रकरण पुन्हा वाचावं. ल्युकेमियाने धाकटा भाऊ ॲली गेला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, होल्डन तेरा. त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. तो हात पुढे कधी नीट मिटला नाही. हिरव्या शाईने कविता लिहिलेला ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा तो वसतिगृहातही जवळ बाळगतो. हा भाऊ त्याला वाचवता आला नाही. मैत्रीण जेन गॅलाघरसाठी खोलीतला सोबती स्ट्रॅडलेटर याच्यावर हात उगारणं, फीबीच्या शाळेच्या भिंतीवरची शिवी पुसणं, हे सगळं तिथूनच आलं आहे. दुसरी शिवी मात्र चाकूने कोरलेली निघते, पुसता येत नाही.

होल्डनची माया समजायला २५वं प्रकरण सर्वांत मोलाचं. सेंट्रल पार्कमधल्या फिरत्या घोड्यावर बसलेली फीबी सोनेरी कडी पकडायला वाकते. ती पडेल, ही भीती त्याला वाटते. तरीही तो तिला अडवत नाही.

आणि सांभाळणं एकतर्फीही नाही. नाताळसाठी साठवलेले पैसे दहा वर्षांच्या फीबीने आदल्याच रात्री त्याच्या हाती ठेवले होते, आणि तो रडू लागल्यावर त्याला जवळ घेतलं होतं.