करवत ओंडक्याच्या दारी: न्यू इंग्लंडचा पाइन आणि फिरत्या सॉ मिलचा इतिहास

ताज्या तोडलेल्या पाइनच्या ओंडक्यात त्याच्या कोरड्या लाकडाच्या वजनाइतके, कधी त्याहूनही जास्त पाणी असते. ओंडका चिरला की साल, बाजूच्या गोलसर फाका आणि भुसा वेगळा पडतो, आणि विकण्याजोग्या फळ्या उरतात त्या मूळ वजनाचा एक भाग तेवढा. म्हणजे जंगलातून ओंडका वाहून नेणारा माणूस बराचसा भार पाण्याचा आणि टाकाऊ मालाचाच वाहतो. ओंडका करवतीकडे न्यायचा की करवत ओंडक्याकडे न्यायची, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू इंग्लंडने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सुमारे पावणेचारशे वर्षे आलटून पालटून वापरून पाहिली, आणि फिरती सॉ मिल तिथे खोलवर रुजली.

तिथला पाइन म्हणजे व्हाइट पाइन. जुन्या जंगलात हे झाड ४५ मीटरच्या वर जाई आणि त्याचा बुंधा सरळ सोटासारखा असे. लाकूड हलके, मऊ, एकसारख्या पोताचे. वाळताना फारसे वेडेवाकडे होत नाही आणि रंध्याला सहज वश होते. ब्रिटिश आरमाराला त्यात जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेने खाजगी मालकीबाहेरच्या जमिनीवरील २४ इंच व्यासाची आणि त्याहून जाड झाडे राजासाठी राखून ठेवली, आणि त्यांच्या बुंध्यावर कुऱ्हाडीने बाणाची खूण कोरली जाऊ लागली. न्यू हॅम्पशायरमध्ये पुढे ही मर्यादा १२ इंचांवर आली, म्हणजे साध्या घरबांधणीला लागणारे झाडही राजाच्या हक्कात गेले. एप्रिल १७७२ मध्ये तिथल्याच वेअर या गावात अशा राखीव पाइनवरून गिरणीवाल्यांना दंड झाला, तेव्हा गावकऱ्यांनी वसुलीला आलेल्या शेरीफला रात्री छड्यांनी मारून पिटाळून लावले. बोस्टनच्या बंदरात वसाहतकऱ्यांनी ब्रिटिश चहा पाण्यात फेकला, त्या प्रकरणाच्या वर्षभराहून अधिक आधीची ही घटना त्या मानाने फार कमी सांगितली जाते. वसाहतीच्या पोटापाण्याचा प्रश्न चहापेक्षा पाइनशी अधिक घट्ट बांधलेला होता.

सुरुवातीला फळ्या हातानेच पाडल्या जात. खड्ड्यावर आडवा ठेवलेला ओंडका, वर उभा राहून रेषेवर नजर ठेवणारा एक जण, खाली खड्ड्यात डोळ्यांत भुसा झेलणारा दुसरा, आणि दोघांमध्ये लांबलचक करवत. या अर्थाने सर्वांत जुनी फिरती सॉ मिल म्हणजे दोन माणसे आणि एक करवत. झाड पडेल तिथे खड्डा खणला किंवा घोडी उभारली की काम सुरू. उणीव वेगाची होती. दोघांनी दिवसभर राबून निघणाऱ्या फळ्यांत एका घराची भिंतही झाकली जात नसे.

१६३० च्या दशकात पिस्काटाक्वा नदीच्या परिसरात, आजच्या मेन आणि न्यू हॅम्पशायरच्या सीमेवर, पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या सॉ मिल उभ्या राहिल्या. पाणचक्कीच्या दांड्याला वाकडी भुजा (क्रँक) जोडून लाकडी चौकटीत ताणलेली उभी करवत वरखाली होई, आणि ओंडका गाड्यावरून तिच्याकडे थोडाथोडा सरके. हे तंत्र युरोपात तेव्हाही नवे नव्हते. व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच माणसाच्या तेराव्या शतकातील रेखाटनवहीत पाण्यावर चालणारी करवत आहे, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी हॉलंडमध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझूनने तीच हालचाल पवनचक्कीला जोडली. इंग्लंड मात्र मागे राहिले. तिथे हाताने चिरकाम करणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि त्यांना आपली भाकरी जाण्याची भीती होती. लंडनजवळ लाइमहाउस इथे उभारलेली पवनचक्कीवरची सॉ मिल १७६८ मध्ये जमावाने मोडून टाकली. वसाहतीत परिस्थिती उलटी होती. झाडे अमाप, हात मोजके. जिथे मजूर मिळत नाही तिथे यंत्राला कोणी विरोध करत नाही, म्हणून इंग्रजांच्या वसाहतीत सॉ मिल त्यांच्या मायदेशापेक्षा कितीतरी आधी रुळली.

पाण्याची गिरणी धबधब्याला बांधलेली असते; ती हलत नाही. म्हणून ओंडक्यांनाच नदीपर्यंत यावे लागले. हिवाळ्यात झाडे पाडायची, बर्फावरून घसरगाड्यांनी काठावर आणायची, वसंतात बर्फ वितळून पाणी चढले की प्रवाहात सोडायची, अशी घडी बसली. ओंडक्याच्या टोकाला मालकाची खूण ठोकलेली असे, आणि खाली नदीवर लाकडी अडसर घालून ते वेगळे केले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेनॉब्स्कॉट नदीवरचे बँगर हे लाकडाच्या व्यापाराचे मोठे बंदर झाले. पुढे मोठ्या कंपन्या मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटाच्या जंगलांकडे सरकल्या आणि नदीकाठच्या गिरण्यांची तीच रचना तिथे अधिक मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. नदीपासून दूर असलेल्या डोंगरउतारांवरचे पाइन मात्र या व्यवस्थेच्या बाहेरच राहिले.

ती अडचण गोल करवत आणि वाफेचे इंजिन यांनी सोडवली. गोल करवतीचे पेटंट इंग्लंडमधील सॅम्युएल मिलर यांनी १७७७ मध्येच घेतले होते, पण मोठा ओंडका झेपेल एवढी सपाट आणि न थरथरणारी पोलादी चकती बनवता येण्यास बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अशा चकत्या सर्रास मिळू लागल्या. उभी करवत फक्त खाली येताना कापते, वर जाताना तिचा वेळ फुकट जातो. चकती अखंड कापते. दिवसाला काही शे बोर्ड फुटांचे काम काही हजारांवर गेले. (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट, अमेरिकेतला लाकडाचा सगळा हिशोब यातच चालतो.) जुन्या घरांच्या फळ्यांवर हा बदल आजही वाचता येतो. उभ्या करवतीच्या खुणा सरळ आणि समांतर असतात, चकतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात, आणि इमारतींचे अभ्यासक त्यावरून बांधकामाचा काळ ठरवतात.

व्हरमाँटमधील माँटपीलियरची लेन कंपनी आणि पेनसिल्व्हेनियातील वेन्सबरोची फ्रिक कंपनी अशा कारखान्यांनी सुटे करून गाड्यांवर लादता येणारे सांगाडे विकायला काढले. चाकांवरचा बाष्पक, जाड लाकडी पाया, चकती, रुळांवरून मागेपुढे होणारा गाडा आणि ओंडका घट्ट धरणाऱ्या आकड्या एवढा त्यांचा संसार. घोड्यांच्या जोड्यांनी हे सामान जंगलात नेले, पाया समतळ केला की काही दिवसांत चिरकाम सुरू होई. बाष्पकाला पाणी लागे, म्हणून ओढ्याजवळची जागा निवडत. इंधन विकत घ्यावे लागत नसे, कारण ओंडक्याच्या बाजूच्या फाकाच भट्टीत जात. जे लाकूड वाहून नेणे परवडत नव्हते, त्याच लाकडावर यंत्र चालू लागले. फिरत्या गिरणीच्या यशाचे खरे कारण हेच मानले पाहिजे. चकतीचा वेग त्यानंतर येतो.

या गिरणीला साजेसे जंगलही त्याच सुमारास तयार होत होते, आणि तेही माणसाने न लावता. १८३० च्या आसपास मध्य न्यू इंग्लंडमधील बहुतेक जमीन शेती आणि चराईखाली होती. पश्चिमेकडील सुपीक जमीन, कालवे, रेल्वे आणि कापडगिरण्यांतील नोकऱ्या यांनी शेतकरी हळूहळू ओढून नेले. सोडून दिलेल्या कुरणांत व्हाइट पाइनचे पंखवाले बी वाऱ्याने येऊन पडले. गुरांनी पानझडी झाडांची रोपे खाल्ली होती, पाइनच्या रोपांना मात्र त्यांनी फारसे तोंड लावले नाही. पन्नाससाठ वर्षांत जुन्या दगडी बांधांच्या आत एकाच वयाचे पाइनचे दाट बन उभे राहिले.

हे पाइन राजाच्या डोलकाठ्यांचे नव्हते. मोकळ्या उन्हात वाढणाऱ्या पाइनचा शेंडा एक भुंगा पोखरतो, शेंडा मेला की बाजूची फांदी वर चढते, आणि बुंध्याला बाक येतो. आखूड, गाठाळ, वाकड्या अशा या ओंडक्यांना एक मोठे गिऱ्हाईक मात्र होते: खोक्यांचे कारखाने. तेव्हा बूट, साबण, डबाबंद अन्न, कापड, सगळे लाकडी खोक्यांतून जाई. फिरती गिरणी ओंडक्याच्या कडा चौकोनी करण्यातही वेळ घालवत नसे; साल कडेला तशीच ठेवून एका जाडीच्या फळ्या पाडायच्या, आणि पुढचे कापणे कारखान्यात. १८९० ते १९२० च्या दरम्यान गिरणी एका मालकाच्या रानात हिवाळाभर राही, कामगार शेजारी फळ्यांच्या खोपटात, आणि रान संपले की सगळा तळ पुढच्या गावी. मागे उरे तो भुशाचा डोंगर.

पाइन तोडल्यावर तिथे पुन्हा पाइन उगवले नाही. सावलीत दबून राहिलेली ओक, मेपल, ॲश यांची रोपे उसळून वर आली. १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील पीटरशॅम इथे स्थापन झालेल्या हार्वर्ड फॉरेस्टने हाच क्रम अभ्यासला, आणि तिथल्या प्रसिद्ध त्रिमित देखाव्यांत तो टप्प्याटप्प्याने मांडलेला आहे. आज न्यू इंग्लंडचे जे पानझडी रान पर्यटक शरद ऋतूत पाहायला जातात, त्यातला मोठा वाटा या फिरत्या गिरण्यांच्या मागून उगवला आहे.

खोक्यांचा धंदा मोडला तो पुठ्ठ्याने. पुठ्ठ्याच्या खोक्यांतील मालाला रेल्वे जास्त भाडे लावत. १९१४ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने तो भेदभाव बंद केला, आणि पाइनच्या खोक्यांना उतरती कळा लागली. दक्षिणेकडील राज्यांत मात्र छोट्या गिरण्यांना तेव्हाच काम मिळाले. मोठ्या कंपन्या तिथले जुने लाँगलीफ पाइन कापून निघून गेल्या होत्या. मागे राहिलेली आणि नव्याने वाढलेली झाडे ट्रॅक्टरच्या किंवा जुन्या मोटारीच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरण्यांनी चिरली.

२१ सप्टेंबर १९३८ रोजी न्यू इंग्लंडवर चक्रीवादळ आदळले. अडीच अब्ज बोर्ड फुटांहून अधिक लाकूड एका दिवसात आडवे झाले, त्यात व्हाइट पाइन सर्वांत जास्त. पडलेला पाइन उन्हाळ्यात तसाच राहिला तर बुरशीने निळा पडतो आणि किडे त्यात बोगदे करतात. शिवाय कोरड्या फांद्यांना आग लागण्याचा धोका होता. संघीय सरकारने लाकूड वाचवण्यासाठी खास यंत्रणा उभी केली. ओंडके विकत घेऊन तळ्यांत बुडवून ठेवायचे, हा तिचा मुख्य उपाय; पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून बुरशीही वाढत नाही आणि किडेही. बाकीच्यासाठी शेकडो फिरत्या गिरण्या कामाला लागल्या. न्यू हॅम्पशायरमधील काँकर्डजवळच्या टर्की तळ्यात महायुद्ध सुरू झाल्यावरही ओंडक्यांचा मोठा साठा पडून होता आणि पुरुष सैन्यात गेले होते. १९४२ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने तिथे स्त्रियांची सॉ मिल सुरू केली. आसपासच्या गावांतील स्त्रियांनी लांब काठ्यांनी ओंडके तळ्यातून ढकलत आणले, फळ्यांच्या कडा सरळ केल्या, त्यांची प्रतवारी केली आणि थप्प्या रचल्या. जड कामाचे म्हणून जे क्षेत्र त्यांना कायम बंद होते, ते त्यांनी गोठवणाऱ्या थंडीत नीट चालवून दाखवले. या प्रकरणाला लाकूडतोडीच्या इतिहासात आहे त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

युद्धानंतर ओरेगॉनच्या जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून साखळी करवतीसाठी नव्या घडणीचा दात तयार केला, आणि साखळी करवत घरोघरी पोचली. तिला चौकट जोडून ओंडका लांबीने चिरण्याची सोय झाली, ती अलास्कन मिल या नावाने ओळखली जाते. एकटा माणूस ती खांद्यावरून नेऊ शकतो. पण साखळीचा छेद जाड असतो आणि लाकडाचा बराच भाग भुशात जातो. छेदाचा हा प्रश्न पट्टा करवतीने, म्हणजे बँड सॉने सोडवला. तिचे इंग्लंडमधील पेटंट १८०८ चे, पण टिकाऊ पाते जोडण्याची कला येईपर्यंत ती कागदावरच राहिली, आणि नंतरही मुख्यतः मोठ्या गिरण्यांतच वापरली गेली. १९८२ मध्ये इंडियानापोलिस इथे सुरू झालेल्या वुड-मायझर कंपनीने अरुंद पात्याची, ट्रेलरवर ओढता येणारी बँड सॉ बाजारात आणली. तिची रचना जुन्या गिरणीच्या उलट आहे: ओंडका जागेवर, करवतीचे डोके रुळांवरून त्याच्यावर सरकणारे. म्हणून यंत्र हलके आणि आखूड झाले. चकतीच्या छेदात सुमारे ६ मिलिमीटर लाकूड जाते, या पात्यात सुमारे २. दहा छेदांमागे एक इंची फळी आणि वर थोडे वाचते. याच काळात न्यूझीलंडमधील रोटोरुआ आणि ऑस्ट्रेलियातील बीचवर्थ इथे चकती आडवीउभी फिरवून थेट चौकोनी तुळया कापणारी यंत्रे निघाली. रोटोरुआच्या भोवती रेडिआटा पाइनची विस्तीर्ण लागवड आहे.

नवशिक्याला आज जे शिकवले जाते त्यात या सगळ्या काळांचे अनुभव साठले आहेत. ओंडका बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक असतो, म्हणून शेंड्याचे टोक थोडे उचलून गाभा पात्याला समांतर ठेवायचा. पहिला काप घेऊन सपाट पृष्ठ उघडायचे, ओंडका फिरवून बाकीच्या बाजू सपाट करायच्या, मग मिळालेल्या चौकोनी ठोकळ्याच्या फळ्या पाडायच्या. सालीतली माती आणि खडे पात्याची धार घालवतात, म्हणून साल आधी साफ केलेली बरी. पाइनची राळ पात्याला चिकटली की ते तापते आणि वाकडे कापू लागते. त्यावर पाण्याची धार सोडतात. राळ नंतर फळीतून पाझरू नये म्हणून भट्टीत लाकूड सुमारे ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापवून ती घट्ट करतात. तोडणी शक्यतो हिवाळ्यातच, कारण उकाड्यात निळ्या बुरशीला काही दिवस पुरतात. चिरलेल्या फळ्या त्याच दिवशी, मध्ये एकसारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या एकावर एक ओळीत घालून, जमिनीपासून उंच आणि वर छप्पर देऊन रचतात. पट्ट्या ओळीबाहेर गेल्या तर फळी तशीच बाकदार वाळते, आणि चांगल्या चिरकामाची किंमत तिथेच जाते.

बाजाराच्या दृष्टीने या लाकडाची एक अडचण उरते. इमारतीच्या नियमांना प्रतवारीचा शिक्का हवा असतो, आणि तो देणारी व्यवस्था मोठ्या गिरण्यांच्या सोयीची आहे. न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी ठरावीक अटींवर स्थानिक, बिनशिक्क्याचे लाकूड लहान घरांच्या बांधकामात वापरण्याची कायदेशीर मुभा दिली आहे, आणि छोट्या गिरण्यांना गावातच गिऱ्हाईक मिळण्यात या तरतुदीचा मोठा वाटा आहे.