डोईमागें अनुदान : इंग्लंडच्या प्राथमिक शाळांचा एक धडा



शाळेस सरकारनें पैसा द्यावा, ही गोष्ट आज कोणासहि वादाची वाटत नाहीं. परंतु तो पैसा कोणत्या मापानें मोजून द्यावा, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. शिक्षकांची संख्या पाहून द्यावा, इमारतीचा खर्च पाहून द्यावा, कीं शाळेंत येणाऱ्या मुलांचीं डोकीं मोजून द्यावा? वरवर पाहतां हा हिशेबनिसांचा प्रश्न दिसतो. पण मापाचा परिणाम मालावर होतो हें कोणताहि व्यापारी सांगेल, आणि शाळेच्या बाबतींत तो परिणाम वर्गांत बसलेल्या मुलावर होतो. इंग्लंडनें एकोणिसाव्या शतकांत मुलें मोजून पैसा देण्याचे तीन निरनिराळे प्रयोग केले. त्या तीन प्रयोगांची हकीगत आज आपणांपुढें थोडक्यांत ठेवावयाची आहे.

इंग्लंडांत प्राथमिक शिक्षणासाठीं सरकारी तिजोरींतून पहिली रक्कम निघाली ती १८३३ सालीं. ती अवघी २०,००० पौंडांची होती, आणि शाळागृहें बांधण्याकरितां दोन शिक्षणसंस्थांच्या मार्फत ती वांटण्यांत आली. त्या वेळच्या बहुतेक शाळा चर्चच्या आश्रयावर, लोकांच्या वर्गण्यांवर आणि मुलांनीं दर आठवड्यास आणावयाच्या कांहीं पेन्स फीवर चालत. १८३९ सालीं प्रिव्ही कौन्सिलची एक शिक्षणसमिति नेमण्यांत आली. जेम्स के-शटलवर्थ हे तिचे पहिले चिटणीस. १८४६ पासून शिकाऊ शिक्षकांना वेतन आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या पगारांत भर, अशी मदत सुरू झाली. पुढें १८५३ सालीं खेड्यापाड्यांतील शाळांसाठीं एक नवें माप आलें. वर्षांतून ठराविक दिवस हजर राहणाऱ्या प्रत्येक मुलामागें शाळेस कांहीं शिलिंग मिळूं लागले. १८५६ सालीं तें शहरांनाहि लागू झालें. हा पहिला प्रयोग. त्याचा हेतु सरळ होता. गरिबाचें मूल शेतावर पांखरें हाकण्यास किंवा कारखान्यांत कामास जाई, आणि शाळेंत चार दिवस येऊन आठ दिवस नाहींसें होई. तें नियमानें यावें, अशी कळकळ शाळाचालकांना वाटावी, म्हणून ही योजना होती.

या सर्व मदतीमुळें खर्च मात्र झपाट्यानें वाढला. १८३३ च्या २०,००० पौंडांचे १८६१ पर्यंत ८ लाख १३ हजारांहून अधिक पौंड झाले. मध्यंतरीं क्रायमियाच्या युद्धानें तिजोरीवर ताण पडला होता, आणि पार्लमेंटांतील काटकसरवाले विचारूं लागले कीं, एवढ्या पैशांत राष्ट्राला काय मिळतें? १८५८ सालीं न्यूकॅसलच्या ड्यूकांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशीमंडळ नेमलें गेलें. १८६१ च्या त्यांच्या अहवालानें एक गोष्ट उघडकीस आणली : शिक्षक वरच्या वर्गांतील मोठ्या मुलांवर मेहनत घेतात, पण खालच्या वर्गांतील लहान मुलें वाचणें, लिहिणें व हिशेब यांत कच्चींच राहतात आणि तशींच शाळा सोडून जातात. हा आक्षेप खोटा नव्हता, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे; कारण त्यावर जो उपाय योजला गेला त्याची निंदा करतांना मूळच्या दुखण्याचा विसर पडतो.

तो उपाय योजणारे गृहस्थ रॉबर्ट लो हे होत. शिक्षणसमितीचे उपाध्यक्ष या नात्यानें त्यांनीं १८६२ सालीं नवी सुधारित नियमावली अमलांत आणली. पार्लमेंटास त्यांनीं आश्वासन दिलें त्याचा आशय असा : ही पद्धति स्वस्त ठरली नाहीं तर निदान कार्यक्षम ठरेल, आणि कार्यक्षम ठरली नाहीं तर निदान स्वस्त तरी ठरेल. हिशेब असा होता. सरासरी हजेरींतील प्रत्येक मुलामागें शाळेस चार शिलिंग. शिवाय, सकाळची एक व दुपारची एक अशा हजेऱ्या धरून, ज्या मुलाच्या वर्षांत २०० हून अधिक हजेऱ्या भरल्या असतील त्याच्यामागें आणखी आठ शिलिंग. पण ते मुलाच्या परीक्षेवर अवलंबून. सरकारी निरीक्षकानें येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घ्यावयाची; एका विषयांत मूल नापास झालें कीं आठ शिलिंगांतून तिसरा हिस्सा, म्हणजे दोन शिलिंग आठ पेन्स, कापावयाचे. सहा वर्षांखालील मुलांना ही परीक्षा नव्हती. त्यांच्यामागें साडेसहा शिलिंग मिळत. पूर्वी शिक्षकास कांहीं रक्कम सरकारकडून परस्पर मिळे. आतां सर्व पैसा शाळाचालकांच्या हातीं जाऊं लागला, आणि पुष्कळ ठिकाणीं शिक्षकाचा पगार परीक्षेच्या निकालास बांधला गेला. हा दुसरा प्रयोग.

आतां या नियमाखालीं काम करणाऱ्या शिक्षकाच्या जागीं क्षणभर उभे राहून पाहूं. त्याच्यापुढें बसलेल्या प्रत्येक मुलाची आतां किंमत ठरलेली आहे. जें मूल हमखास पास होणार, त्याच्यावर अधिक श्रम घेऊन एक पैहि जास्त मिळावयाची नाहीं. जें आजारपणामुळें किंवा घरच्या दारिद्र्यामुळें २०० हजेऱ्या भरूं शकत नाहीं, त्याची परीक्षाच नाहीं. मग त्याच्यावर श्रम कशास घ्यावे? शिक्षकाची सारी मेहनत मधल्या मुलांवर, आणि तीहि त्यांना परीक्षेपुरतें तयार करण्यावर खर्च होऊं लागली. वर्षभर तेंच एक वाचनपुस्तक घोकून घेतलेलें, त्यामुळें डोळे पुस्तकावर नसले तरी पान घडाघडा म्हणून दाखविणारीं मुलें निरीक्षकांना भेटूं लागलीं. परीक्षेच्या दिवशीं अनुदान बुडूं नये म्हणून आजारी मुलांनाहि शाळेंत आणून बसविल्याच्या तक्रारी झाल्या. इतिहास, भूगोल, व्याकरण यांना अनुदान नाहीं, म्हणून ते विषय मागें पडले. वेल्समध्यें तर ज्या मुलांची घरची भाषा वेल्श, त्यांचीहि वाचनपरीक्षा इंग्रजींतच. मातृभाषेस या हिशेबांत जागा नव्हती. शिकाऊ शिक्षकांची संख्या घटली.

स्वस्ताईचें वचन मात्र पुरें झालें. १८६५ सालीं सरकारचा खर्च सुमारें ६ लाख ३७ हजार पौंडांवर उतरला. आणि लो यांच्या बाजूनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मागच्या बांकावरील जें मूल पूर्वी कोणाच्या खिजगणतींत नव्हतें, त्याचें नांव निरीक्षकाच्या यादींत आलें. हजेरीकडे लक्ष गेलें. प्रत्येक मुलास निदान वाचतां-लिहितां यावें, ही अपेक्षा कागदावर प्रथमच इतकी स्पष्ट झाली. दोष अपेक्षेंत नव्हता. ज्या दिवशीं ती अपेक्षा शाळेच्या पोटास बांधली, त्या दिवशीं शिकविणें मागें पडलें व पास करविणें पुढें आलें.

हें ज्यांनीं आधींच ओळखलें त्यांत मॅथ्यू आर्नोल्ड हे प्रमुख होत. ते कवि व टीकाकार म्हणून आपणांस परिचित आहेत. पण १८५१ पासून पस्तीस वर्षें त्यांनीं पोटासाठीं शाळातपासनिसाची नोकरी केली. १८६२ सालींच त्यांनीं एका मासिकांत या नियमावलीवर कडक टीका केली, आणि पुढें आपल्या अहवालांतून वारंवार दाखवून दिलें कीं, युक्तीनें तयारी करून घेतली असतां, ज्याला खरोखर वाचतां येत नाहीं असें मूलहि वाचनाच्या परीक्षेंत पास होऊं शकतें. सरकारी नोकरीत राहून सरकारी धोरणाविरुद्ध इतकें स्पष्ट लिहिण्यास धैर्य लागतें. खुद्द लो यांना १८६४ सालीं पद सोडावें लागलें. निरीक्षकांच्या अहवालांत खात्याकडून कांटछांट होते, असा ठराव कॉमन्स सभेनें केला होता. पुढें पार्लमेंटच्या समितीनें त्यांना दोषमुक्त केलें, पण तोंवर ते खात्यांतून गेले होते.

माणूस गेला तरी नियम राहिला. १८६७ सालीं भूगोल, व्याकरण, इतिहास यांसाठीं जादा अनुदान ठेवून त्याचा कडवटपणा थोडा कमी करण्यांत आला. १८७० च्या कायद्यानें लोकनियुक्त शाळामंडळें आलीं व सार्वजनिक प्राथमिक शाळा हा शब्द कायद्यांत रुजला. १८८० सालीं लहान मुलांना शाळेंत जाणें सर्वत्र सक्तीचें झालें. अखेर १८९० च्या नियमांनीं एकेका मुलाच्या परीक्षेवर पैसे कापण्याची रीत बहुतांशीं मोडून काढली, आणि पुढील सात-आठ वर्षांत तिचा उरलासुरला अंशहि गेला. पण तीस वर्षांत अंगीं मुरलेली संवय नियम बदलल्यानें जात नाहीं. माजी मुख्य निरीक्षक एडमंड होम्स यांनीं १९११ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत तीच खंत व्यक्त केली आहे.

तिसरा प्रयोग १८९१ चा. सक्ति तर केली. पण ज्या बापास आठवड्याचे तीन पेन्स जड जातात त्याचें मूल सक्तीनें कसें आणावयाचें? त्या वर्षींच्या कायद्यानें तीन ते पंधरा वर्षांच्या प्रत्येक हजर मुलामागें शाळेस वर्षाला दहा शिलिंग देण्याचें ठरलें. आठवड्याचे तीन पेन्स धरले तर चाळीस आठवड्यांचे बरोबर दहा शिलिंग होतात. हें अनुदान घेणाऱ्या बहुतेक शाळांना फी बंद करावी लागली. मोजणी येथेंहि डोक्यांचीच होती. परंतु १८६२ सालीं मोजलेलें डोकें शिक्षकाच्या शिरावर टांगती तलवार होतें, आणि १८९१ सालीं तेंच डोकें गरीब बापाच्या खिशांतील ओझें उतरविणारें झालें.

या हकीगतीचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें हिंदुस्थानांत खासगी शाळांना अनुदान देण्याचें तत्त्व आलें, आणि १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांतील अनुदानास निकाल पाहून पैसा देण्याचें इंग्रजी वळण लागलें. १८८२ सालीं हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. निरक्षर व गरीब लोकांत शिक्षणाचा प्रसार करण्यास ही निकालाची पद्धति मुळींच योग्य नाहीं, असें त्यांनीं त्यांत स्वच्छ सांगितलें. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाहीं, त्यांच्यांत निकालाच्या भरंवशावर कोणता शिक्षक शाळा काढील? तो जगेल कशावर? म्हणून सरकारनेंच तेथें शाळा काढाव्या, आणि लोकल फंडाचा निम्मा हिस्सा केवळ प्राथमिक शिक्षणास द्यावा, अशी त्यांची मागणी होती. आर्नोल्ड यांनीं शाळेच्या आंत बसलेल्या मुलाचें नुकसान पाहिलें. फुल्यांनीं शाळेच्या दारापर्यंतहि न पोंचलेल्या मुलाचें पाहिलें. १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानें हिंदुस्थान सरकारनेंहि निकालावर अनुदान मोजण्याची रीत त्याज्य ठरविली.

आज हा सारा इतिहास झाला असें कोणी समजूं नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें खासगी विनाअनुदानित शाळांतून पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं आहेत, आणि त्यांचा खर्च सरकार दर मुलामागें भरून देतें. अनुदानित शाळेंत शिक्षकांचीं पदें पटावरील संख्येवर ठरतात. हजेरीपट भरण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं, म्हणून एवढें सांगतों कीं, पटावरील एकेका नांवावर शिक्षकाची भाकरी अवलंबून असली म्हणजे लेखणी सरळ ठेवण्यास मोठा निग्रह लागतो. २०११ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रांत एकाच वेळीं सर्वत्र पटपडताळणी झाली, तेव्हां अनेक ठिकाणीं नांवें सांपडलीं, मुलें सांपडलीं नाहींत. उलट, डोंगरांतील वाडीवर बारा मुलांची शाळा खरी असते. पण निव्वळ मोजणीच्या तराजूंत ती हलकी पडते.

मग मोजणी सोडून द्यावी काय? तसें नाहीं. ज्या मुलाची मोजणी होत नाहीं त्याच्यासाठीं अंदाजपत्रकांत तरतूदहि होत नाहीं. मात्र मोजणाऱ्यानें आधीं आपल्याशीं ठरवावें कीं, आपण मूल मोजतों तें त्याला शाळेंत आणण्यासाठीं, कीं शाळेचा पैसा वांचविण्यासाठीं. कमजोर मुलामागें कमी पैसा, असा हिशेब ज्या दिवशीं होतो, त्या दिवशीं ज्याला शाळेची सर्वांत अधिक गरज, तेंच मूल शाळेस महाग वाटूं लागतें. हा हिशेब उलटा फिरवावा, मागें पडलेल्या मुलामागें व लहान वाडीच्या शाळेमागें चार पैसे अधिक द्यावे, एवढें शहाणपण जरी या इतिहासांतून आपण घेतलें, तरी तीस वर्षें दोन शिलिंग आठ पेन्सांच्या भीतीखालीं शिकलेल्या त्या मुलांचे कष्ट अगदींच वायां गेले असें होणार नाहीं.