नालबंदाची पाठ

मराठ्यांच्या इतिहासात घोड्याला जे मानाचे स्थान लाभले, ते त्याच्या टापांखाली लोखंड बसविणाऱ्या माणसाच्या वाट्याला कधी आले नाही. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था वर्णिताना कृष्णाजी अनंत सभासदाने पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व एक नालबंद अशी नेमणूक आवर्जून नोंदविली आहे. पुढे पेशवाईत मोहिमेपूर्वी शिलेदारांस सरकारातून मिळणारी आगाऊ रक्कम तर नालबंदी याच नावाने दफ्तरात पडू लागली. या रकमेचा अभ्यासकांनी पुष्कळ ऊहापोह केला, परंतु ज्या शरीराच्या बळावर ते काम पार पडे, त्या शरीराचे काय होत असेल याचा विचार क्वचितच झाला.

पंचवीस घोडी म्हणजे शंभर खूर, आणि एका नालाला सहा ते आठ खिळे धरले तरी चारही पायांची एक फेरी पुरी होईपर्यंत सहा-आठशे खिळे एका माणसाच्या हाताखालून जात. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो; म्हणून दीड-दोन महिन्यांनी जुना नाल उचकटणे, वाढलेले खूर तासणे, कानशीने तळ सपाट करणे आणि नाल पुन्हा बसविणे हा क्रम अखंड चाले. पावसाळ्याची छावणी उठून दसऱ्याला फौज मुलूखगिरीस निघण्याच्या सुमारास या कामाची किती घाई उडत असेल, हे सांगावयास नको.

हे काम जवळून पाहावे म्हणजे त्यातील जोखीम ध्यानात येते. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, घोड्याचा पाय उचलून धरतो, आणि कमरेत वाकलेला नालबंद खुराच्या कडेतून असा खिळा ठोकतो, की तो आतील सजीव भागाला न शिवता बाहेरच्या भिंतीतून तिरका निघावा. खिळा कठीण भागातच चालला आहे की नाही, हे त्याला हातोडीच्या आवाजावरून कळते. खिळ्याचे टोक बाहेर आल्यापासून ते मुरगळून तोडीपर्यंतचा क्षण सर्वांत घातक. त्याच वेळी जनावराने पाय हिसडला, तर ते टोक तळहात किंवा मांडी उभी चिरीत जाते. लाथेपासून दूर पळू नये, जनावराला चिकटूनच उभे राहावे, म्हणजे लाथेला जोर मिळत नाही, ही शिकवण या धंद्यात उमेदवाराला पहिल्यांदा मिळते. परंतु लाथ चुकविता आली तरी कमरेचे दुखणे कोणालाच चुकविता येत नाही: चारशे किलो वजनाचे जनावर कंटाळून अंग टाकू लागले, की तो भार पाय धरणाऱ्याच्या कण्यावर येतो, आणि अशी वर्षे लोटली म्हणजे पाठ पुन्हा सरळ होत नाही.

याहून भयंकर भय जखमेचे. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजे विपुल असतात. खिळ्याने झालेली खोल व अरुंद जखम त्यांना सर्वांत सोयीची. १८९० साली बेरिंग व किटासाटो यांनी धनुर्वाताच्या प्रतिविषाचा शोध प्रसिद्ध केला, आणि पुढे ते प्रतिविष घोड्यांच्याच रक्तातून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्यापूर्वीच्या शतकांत ज्या नालबंदांचे जबडे आवळून गेले असतील, त्यांच्यासाठी धूप-अंगाऱ्यापलीकडे फारसे काही नव्हते.

बैलांना पत्र्या मारणाऱ्यांचेही हाल वेगळे नाहीत. तेथे जनावर दोरखंडाने पाडून पाय बांधतात, इतकाच फरक. लष्करी पागा गेल्या, मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या गेल्या. तरी माथेरानात मोटारींना मज्जाव असल्याने घोडे आजही प्रवासी वाहतात आणि त्यांच्या खुरांना नाल लागतातच. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने मालकाकडे नोकरी करणाऱ्या जखमी कामगाराला आधार दिला. परंतु दारोदार फिरून स्वतःच्या हिमतीवर नाल मारणाऱ्याला मालकच नाही, तेव्हा त्याने कोणाकडे मागावे? जेथे घोड्यांवर गावाची मिळकत चालते, तेथील नगरपालिकांनी जनावर अडकविण्याची एक भक्कम चौकट उभारावी आणि नालबंद व मोतद्दारांना धनुर्वाताची लस वेळच्या वेळी टोचावी. याला फारसा खर्च येत नाही.