त्रिंकोमालीचे दोर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्याच, असा चिटणीसबाईंचा निरोप तिसऱ्यांदा आला, तेव्हा माझ्या हातात सुई होती आणि समोर एक लढाऊ जहाज उभे होते. तेव्हा त्याविषयीच लिहिते. भगिनींनो, विषय ऐकून हसू नका.

जहाज अर्थात लहानसे, पावणेएकोणीस इंचांचे. मूळ जहाज दीडशे फुटांचे, ‘त्रिंकोमाली’ नावाचे, आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेले. इंग्रजांचे फ्रान्सशी वर्षानुवर्षे युद्ध चालले होते आणि त्यांच्याकडे ओक लाकडाची टंचाई पडली होती. मुंबईत मलबारचे सागवान होते आणि वाडिया घराण्याचे पारशी कारागीर होते. १८१२ साली जहाजाची मागणी नोंदवली गेली; पण नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ जहाज वाटेतच अमेरिकनांनी जिंकले व जाळले. नकाशे पुन्हा मागवावे लागले. अखेर १८१६ साली जमशेटजी बोमनजी वाडियांनी आपल्या रिवाजाप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. ब्रिटिशांच्या लढाऊ जहाजांत पाण्यावर असलेले इतके जुने दुसरे नाही.

आमच्या दादाचा जन्म गोदीच्या नोकरीत गेला. निवृत्त झाल्यावर त्याने नकाशांच्या प्रती मागवल्या आणि जुन्या वाड्याच्या सागवानी दाराची फळी कोरून हे जहाज करायला घेतले. सांगाडा झाला, तोफांच्या खिडक्या झाल्या, तीन डोलकाठ्या उभ्या राहिल्या. आणि दादाचा हात कापू लागला. त्यातच डोळ्यांचा विकार वाढत चालला. एके दिवशी तो म्हणाला, “माई, दोर तेवढे तू ओव. मला एकदा पुरे झालेले बघायचे आहे.”

मला वाटले, शिवणकामच तर आहे! पण शिडाच्या जहाजाचा दोर शोभेचा नसतो. डोलकाठी दोरांनीच उभी असते. दोन्ही अंगांचे जाड दोर तिला कुशीवर कलू देत नाहीत. पुढचा दोर तिला मागे जाऊ देत नाही, मागचे पुढे जाऊ देत नाहीत. हे सारे डांबर लावलेले, काळे. शिडे चढवण्याउतरवण्याचे, फिरवण्याचे दोर निराळे, फिकट रंगाचे. बाजूच्या काळ्या दोरांवर आडवे बारीक दोर बांधून शिड्या केलेल्या असतात, त्यांवरून खलाशी वर चढत. त्या शिडीची गाठ म्हणजे गुराला खुंटीशी बांधताना दोन अढ्या घालतात, तीच.

मापासाठी डेव्हिड स्टील यांच्या १७९४ सालच्या ग्रंथातील कोष्टके होती. त्यांवरून मी दोरा आणला आणि दोन महिने खपून बाजूचे सगळे दोर ओढले. दादा खूश झाला. मला मात्र ते जहाज सुतळीने बांधलेल्या गाठोड्यासारखे दिसू लागले. काय चुकते ते एका रात्री उमगले. त्या काळी दोराचे माप जाडीचे देत नसत, घेराचे देत! आठ इंच घेराचा दोर म्हणजे जाडी जेमतेम अडीच इंच. आमचे जहाज ९६ पट लहान, म्हणजे दोरा पाऊण मिलिमीटरच्याही आत हवा. मी लावला होता दोन मिलिमीटरचा. बांगडीचे माप घेताना कोणती बाई अशी चूक करील? पण केली खरी.

“राहू दे गं,” दादा म्हणाला, “कोण मोजायला येणार आहे?” त्याचे म्हणणे मला कळत होते. उसवले तर आणखी कित्येक महिने जाणार, आणि त्याच्या डोळ्यांजवळ तेवढे महिने नव्हते. रात्रभर विचार केला आणि सकाळी कात्री घेतली. बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या खेपेस दोरा मेणातून ओढून त्याची लव बसवली. आधी उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची, असे आळीपाळीने. एकाच बाजूने ओढत गेले की काठी कलते. पावसाळ्यात आणखी पंचाईत! दमट हवेत सुती दोरा फुगतो आणि लांबीला आखडतो. खऱ्या जहाजावरही वाखाचे दोर भिजले की असेच ताणत, आणि खलाशांना ते सैल करावे लागत. शिड्यांसाठी रेशमाचा एकेक पदर वापरला. अकराशे गाठींनंतर मोजणे सोडून दिले.

या कामात एक गोष्ट मनाला लागली. एप्रिल १८१९ मध्ये त्रिंकोमाली पोर्ट्समथला पोचले, तेव्हा युद्ध संपून गेले होते. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून ते १८४५ पर्यंत नुसते ठेवून दिले. पुढे दोन सफरी झाल्या, मग ते शिकाऊ मुलांचे जहाज झाले. १८९७ साली भंगारात निघालेले एका गृहस्थाने विकत घेऊन ‘फुद्रॉयां’ असे नाव दिले. १९८७ मध्ये हार्टलपूलला आणून दुरुस्ती सुरू झाली, ती २००१ मध्ये संपली. जुने नावही १९९२ साली परत मिळाले. सांगाड्यातले बरेचसे सागवान मूळचे आहे. सागात तेल असते, आणि ओकच्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात तसे यात गंजत नाहीत. परंतु मुंबईहून निघतानाचे दोर केव्हाच गेले. आज दिसतात ते दुरुस्तीच्या वेळी चढवलेले. जमशेटजींचे नाव इतिहासात आहे, ते योग्यच; दोर वळणाऱ्यांची नावे मला कुठे सापडली नाहीत.

गेल्या महिन्यात शेवटची गाठ मारली. दादाला आता उजेड-अंधार एवढेच कळते. त्याच्यासमोर जहाज ठेवले, तेव्हा त्याने बोटांनी एकेक शिडी चाचपली, पुढच्या काठीपासून मागच्यापर्यंत. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मागची काठी उजवीकडे ओढली आहेस, माई.”

सूत लावून पाहिले. खरेच ओढली होती. उद्या सैल करायला बसणार आहे.