वारस आणि जानशीन

इंग्रजी तहनाम्यांत ‘एअर्स अँड सक्सेसर्स’ ही जोडी पुन्हापुन्हा भेटते. मराठीत आपण ती ‘वारस’ या एकाच शब्दात उरकतो. फरक तो काय, असे वाटते. पण १८५४ साली झाशीचे राज्य याच फरकासाठी भांडले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

१८१७ च्या तहात कंपनी सरकारने झाशीचे रामचंद्रराव, त्यांचे ‘एअर्स’ आणि ‘सक्सेसर्स’ यांची वंशपरंपरागत सत्ता मान्य केली होती. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. मरणापूर्वी त्यांनी नेवाळकरांच्याच भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेतला होता. त्याचे नाव दामोदरराव. लॉर्ड डलहौसी यांनी हे दत्तविधान खासगी मालमत्तेपुरते मानले, गादीपुरते नाही.

राणी लक्ष्मीबाईंनी फेब्रुवारी १८५४ मध्ये धाडलेल्या खलित्यात नेमके शब्दांवर बोट ठेवले. तहात ‘वारिसान’ आणि ‘जानशिनान’ असे दोन फारसी शब्द आहेत. वारिस म्हणजे पोटचा किंवा भाऊबंदकीतला हक्कदार. जानशीन म्हणजे पोटी संतान नसता दत्तक घेऊन गादीवर बसविलेला. तह शब्द न् शब्द तपासूनच कायम होतात. मग दुसरा शब्द अर्थ न जाणता घातला असे कसे मानावे, असा त्यांचा सवाल होता.

कलकत्त्यात तो टिकला नाही. झाशी मुळात पेशव्यांच्या सुभेदाराची, म्हणून मांडलिक. तिथे दत्तकाला गादी द्यायची की नाही हे सरकार ठरवील, असा डलहौसींचा पक्ष होता. झाशी खालसा झाली.

आता १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दिलेल्या दत्तकाच्या सनदा पाहा. औरस ‘एअर’ नसल्यास हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घेतलेला ‘सक्सेसर’ सरकार मान्य करील, असे त्यांत वचन आहे. म्हणजे राणीने केलेलाच भेद! पण राणी १८५८ मध्येच ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडल्या होत्या, आणि दामोदरराव इंदुरात पेन्शनीवर दिवस काढीत होते. १९०६ मध्ये ते तिथेच वारले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या सनदा, इनामपत्रे जपलेली असतील. ती वाचताना असा जोडशब्द आला, तर दुसरा शब्द शोभेचा समजून गाळू नका. कुणाचा तरी हक्क त्याच शब्दावर उभा असतो.