गळ, डोह आणि गुपित

आमच्या मिरजेत दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवल्या गेल्या: गवयांच्या चिजा आणि कृष्णेतले डोह. गवयी आपली खास चीज परक्यासमोर गाताना शब्द असे गिळून टाकी की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागू नये. आणि गळ टाकणारा आपल्या डोहाकडे जाताना वाकडी वाट करून जाई, म्हणजे मागून कोणी येत असल्यास त्याची दमछाक व्हावी! चिजांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. डोहांबद्दल फारसे लिहिले गेले नाही, कारण ज्यांना ते ठाऊक होते ते लिहिणारे नव्हते, आणि लिहिणाऱ्यांना त्यांनी ते सांगितले नाही.

मला मात्र एकाने सांगितले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. कृष्णाघाटावर एक म्हातारे भोई बसत. सारे त्यांना तात्या म्हणत. दोन वर्षे मी त्यांच्यासाठी गांडुळे खणली, कणकेच्या गोळ्या वळल्या, तेव्हा कुठे एका पहाटे ते मला नदीकाठाने घेऊन गेले आणि एका करंजाच्या झाडाखाली थांबले. समोरचे पाणी काळेशार आणि निश्चल होते. तात्या म्हणाले, "पोरा, डोह सांगायचा नसतोय, दावायचा असतोय. आनि दावायचा बी एकालाच." त्या दिवशी माझ्या गळाला हातभर लांबीचा शिवडा लागला. ते वचन मी साठ वर्षे पाळले. आमच्या घरात सोन्याच्या बांगड्या कोठे ठेवल्या आहेत हे शेजारणीला ठाऊक होते, पण तो करंज कोणता हे माझ्या पत्नीलाही ठाऊक नव्हते.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत नातू आला. मुलाला नदीची ओढ दिसली म्हणून मी त्याला डोह दाखवला, आणि तात्यांचे वचनही ऐकवले. त्याने मान डोलावली. संध्याकाळी घरी येतो तो काय, डोहाचा फोटो, करंज आणि नकाशावरची नेमकी खूण मोबाइलवरून साऱ्या जगाला कळलेली! पुढच्या रविवारी तेथे सात-आठ पोरे गळ घेऊन बसली होती. त्यांतल्या एकाने मला अदबीने विचारले, "काका, इथं नवीन दिसता?"

मी घरी येऊन नातवावर फार चिडलो. तो एवढेच म्हणाला, "आजोबा, लपवून काय मिळालं?" ह्या प्रश्नाला मला उत्तर सुचेना. मग वय झालेल्या माणसाचा उपाय मी केला. पुस्तके उघडली.

पहिलाच धक्का आपल्याच मुलखातून बसला. मिरजेला जेव्हा मिरिंजे म्हणत, त्या काळात ह्या कृष्णाकाठावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभार, पाकक्रिया, गायन, हत्तींची परीक्षा असे शंभर विषय त्यात आहेत, आणि त्यांतला एक आहे 'मत्स्यविनोद', म्हणजे गळाने मासे धरण्याची करमणूक. तीसांहून अधिक जातींचे मासे, त्यांतले समुद्राचे कोणते नि नदीचे कोणते, कोणाला कोणते आमिष रुचते, एका जागी चारा टाकून मासे कसे जमवावेत, दोरी नि काठी कशी असावी, हे सारे राजाने उघड सांगून टाकले आहे. ज्या गोष्टीसाठी मी दोन वर्षे गांडुळे खणली, ती एका चक्रवर्तीने नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथात घातली होती!

पण राजाचे सोडा. त्याच्या डोहावर कोण जाऊन बसणार? सामान्य माणसाची अडचण निराळी. ती इंग्लंडात १४९६ साली एका छापखानदाराच्याही ध्यानात आली. त्या वर्षी गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध तिकडे प्रथम छापला गेला. तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून न काढता शिकारीच्या मोठ्या ग्रंथात घातला. आणि कारणही छापले की, स्वस्त पुस्तिका काढली तर ती कोणाही रिकामटेकड्याच्या हाती पडेल आणि तो मासेमारीचा सत्यानाश करील. म्हणजे ज्ञान सांगायचे, पण किमतीचे कुलूप लावून. हे वाचून मला बरे वाटले. माझ्या बाजूने बोलणारा एक तरी साक्षीदार निघाला.

त्यानंतर मात्र साक्षी उलटत गेल्या. मुंबईच्या फौजेतला विल्यम हेन्री साइक्स १८२० नंतरच्या दशकात सरकारसाठी आकडे गोळा करीत दख्खनभर हिंडला. त्याने इथल्या नद्यांतले मासे पाहिले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध झाली. नावे लॅटिन धर्तीची, पण आत शब्द आपले: खुद्री, कोळस, मसुल्ला! पाण्यात उभ्या राहणाऱ्या कोणा अनामिक मराठी माणसाने ती नावे उच्चारली असली पाहिजेत, आणि साहेबाने ती टिपून घेतली. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. तो कोठला, तर पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतला. आज पुण्याखालच्या त्या पाण्याकडे पाहून कोणाचा विश्वास बसणार नाही. पण नोंद आहे, म्हणून नाकारताही येणार नाही.

पुढे १८७३ साली मंगळुरात हेन्री सलिव्हन थॉमस ह्या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक काढले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे ह्याचा देशातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवरचा सरकारी अहवालही निघाला. नद्यांत कोणते मासे आहेत आणि त्यांचा नाश कसा चालला आहे, हे अशा लिखाणांनी सरकारपुढे आणले. १८९७ साली कायदा झाला, आणि सुरुंगाची दारू नि विष घालून मासे मारणे गुन्हा ठरले. जे पाणी कोणाला ठाऊकच नाही, त्याच्यासाठी कायदा कोण करणार?

आणि आमच्या उंबरठ्याजवळचे उदाहरण तर त्याहून गोड आहे. कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका लहानशा माशाचे वर्णन चं. वि. कुलकर्णी ह्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. हा पठ्ठ्या दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. शास्त्रज्ञाने त्याचे नाव ठेवले 'खवलचोर', आणि जगभरच्या प्राणिशास्त्रात आजही तो ह्याच शुद्ध मराठी नावाने ओळखला जातो. हेच कुलकर्णी पुढे लोणावळ्याजवळ वळवण येथे महसीराची पिले तयार करण्याच्या कामात होते.

तरी मनाचे समाधान होईना. सांगितल्याने सज्जन येतात तसे दुर्जनही येतात, हे काही खोटे नाही. मग महाडजवळचे वाळणकोंड आठवले. तिथल्या कोंडीत महसीर आहेत हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. लोक त्यांना चुरमुरे टाकतात. ते देवीचे मासे, म्हणून गळ कोणी टाकत नाही. ती जागा गुपित राहिली म्हणून वाचली नाही. सर्वांची झाली म्हणून वाचली.

एवढ्यात मार्च २०२३ उजाडला. अंकलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. बातमी सर्वत्र गेली. दूषित पाण्यावरून मोठा ओरडा झाला. मी काठावर जाऊन उभा राहिलो. दुर्गंधी सोसवत नव्हती. तिथे बोलणे चालले होते, नदीत होते काय नि मेले काय. मी तोंड उघडले आणि मिटले. साठ वर्षांचा माझा अनुभव. पण कोणत्या महिन्यात कोणता मासा, केवढा, ह्याची एक ओळही मी कागदावर उतरवली नव्हती. उतरवली असती तर डोह उघडा पडला असता ना!

नातवाच्या मोबाइलवर मात्र त्या रविवारच्या पोरांच्या चार महिन्यांच्या नोंदी होत्या. तारीख, फोटो, मरळ की वाम की शिंगाळा, लांबी किती, सोडून दिला की घरी नेला, सारे होते. डोहाची नासधूस करतील म्हणून ज्यांना मी मनात शिव्या दिल्या, तीच पोरे नदीचे साक्षीदार ठरली. आणि मी, डोहाचा राखणदार, जबानीच्या वेळी मुका!

आमच्याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी बसून विष्णु दिगंबर पलुसकर गाणे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपीची पुस्तके छापली, आणि घराच्या कोनाड्यातली विद्या चव्हाट्यावर आणली. त्याने गाणे मेले नाही. जी चीज कोणालाच न देता गवयी गेला, ती मात्र त्याच्याबरोबरच गेली.

आता मी नातवाशी तह केला आहे. डोह सांगावा; पण त्याबरोबर नियमही सांगावा. आषाढ-श्रावणात मासा अंडी घालायला वर चढतो, तेव्हा गळ भिंतीला टांगावा. लहान मासा परत पाण्यात. आणि जे दिसले ते त्याच रात्री लिहून ठेवावे. ह्या दिवाळीत मी जुने आठवून आठवून एक वही भरायला घेतली आहे. नातू शेजारी बसून विचारतो, मी सांगतो.

परवा त्याने विचारले, "आजोबा, तात्यांना तीन डोह ठाऊक होते म्हणालात ना? हा एक झाला. बाकीचे दोन कुठं?"

मी लेखणी खाली ठेवली. तात्यांनी मला एकच दाखवला होता.